औंधचे हौशी चित्रकार



आपल्या भाषेंत ‘हौशी’ हा शब्द मोठा फसवा आहे. हौशी नट, हौशी गवई, हौशी चित्रकार असें म्हणतांना आपण किंचित् हसतों. ज्याचें पोट त्या कलेवर अवलंबून नाहीं, त्याच्या कलेचा फारसा भरंवसा धरूं नये, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. रविवारीं दुपारीं घरांतील मंडळी वामकुक्षी करीत असतांना रंगांची पेटी उघडून खिडकीशीं बसणाऱ्यांपैकीं मीही एक आहें. तेव्हां हें हसणें माझ्या चांगल्या परिचयाचें आहे. ‘एवढें काढून काय करणार?’ हा प्रश्न आमच्यासारख्यांना घरचीं माणसें विचारतात, शेजारी विचारतात, आणि रात्रीं दिवा मालवल्यावर आम्ही स्वतःलाही विचारतों. त्याचें उत्तर मला पुस्तकांत सांपडलें नाहीं. सातारा जिल्ह्यांतील एका डोंगराच्या उतारावर, एका संग्रहालयाच्या दालनांत उभा असतांना, तें थोडेंफार उमगल्यासारखें वाटलें. आज त्याविषयींच आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

औंध हें गांव खटाव तालुक्यांत आहे. डोंगरमाथ्यावर यमाईचें मूळपीठ आणि पायथ्याशीं गांव, अशी त्याची रचना. छत्रपति राजाराम महाराजांच्या काळीं प्रतिनिधिपद निर्माण झालें; त्या पदाचा वारसा सांगणाऱ्या घराण्याची ही राजधानी होती. राजधानी म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें हत्तीघोडे उभे राहतात. परंतु हें संस्थान अगदीं लहान होतें. गांवें सारीं ७२, आणि वस्ती सुमारें पाऊण लाखाची. तींही गांवें सलग नव्हतीं. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी माणदेशांत, आणि गुणदाळ तर पार विजापूर जिल्ह्यांत. मधला मुलूख बहुतेक इंग्रजांचा नाहींतर दुसऱ्या संस्थानिकांचा. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि दर कांहीं वर्षांनीं दुष्काळ ठरलेला. अशा या मुलखाचे राजे श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे आजच्या माझ्या भाषणाचे नायक आहेत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून ते बी. ए. झाले. १९०९ सालीं ते गादीवर आले तेव्हां त्यांच्या वयाची ४१ वर्षें झालेलीं होतीं. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग गादीवाचूनच गेला होता. आणि कुंचला मात्र गादीच्या आधींच हातीं आलेला होता. पुढें राज्य आलें म्हणून त्यांनीं कुंचला ठेवून दिला नाहीं, आणि कुंचल्याच्या नादांत राज्यही टाकून दिलें नाहीं. या दोहोंची सांगड त्यांनीं कशी घातली, हाच खरा पाहण्यासारखा भाग आहे.

त्यांच्या नित्यक्रमाकडे प्रथम पाहूं. संस्थानिकाचा दिवस म्हणजे उशिरां उठणें, शिकार, मेजवान्या आणि वर्षांतून एकदां विलायत, अशी जी लोकांची समजूत असे, ती औंधास लागू पडत नव्हती. येथला दिवस पहांटे सुरू होई, आणि त्याचा आरंभ सूर्यनमस्कारांनीं होई. बाळासाहेबांनीं या व्यायामाचा इतका ध्यास घेतला कीं, संस्थानांतील शाळांतून तो मुलांना शिकविला जाऊं लागला. त्यावर त्यांनीं पुस्तकें लिहिलीं, आणि १९३८ सालीं त्यांचें एक इंग्रजी पुस्तक लंडनमध्येंही छापलें गेलें. आज शहराशहरांतून जे सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसारांत औंधच्या या राजाचा वांटा फार मोठा आहे. नमस्कारानंतर पूजाअर्चा, मग कारभार, आणि कारभारांतून काढलेल्या वेळांत चित्रकला. शिवाय ते कीर्तन करीत. राजा स्वतः उभा राहून कीर्तन करतो आहे आणि समोर त्याचीच रयत बसली आहे, हें दृश्य इतरत्र क्वचितच दिसलें असतें. वाङ्मयाचीही त्यांना गोडी होती. १९३५ सालीं इंदूर येथें भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

हें सारें ऐकून कोणी म्हणेल, मोठ्या माणसाचे हे नाना छंद झाले. त्यांत एकसूत्र तें काय? माझ्या मतें तें आहे. नमस्कार असोत, कीर्तन असो वा चित्र असो, जें आपल्याला लाभलें तें चार लोकांच्या हातीं पोंचावें, ही तळमळ सर्वांत सारखी आहे.

आतां त्यांच्या चित्रकलेकडे वळूं. बाळासाहेबांची उमेद लहान नव्हती. फुलदाणी काढून चौकटींत बसवावी आणि पाहुण्यांना दाखवावी, एवढ्यावर समाधान मानणारे ते नव्हते. त्यांना रामायण काढावयाचें होतें. १९१६ सालीं त्यांचें चित्ररामायण प्रसिद्ध झालें. तो काळ राजा रविवर्मा यांच्या प्रभावाचा होता. रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला, आणि पाहतां पाहतां लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघरच्या भिंतींवर आल्या. त्यापूर्वीं देव पाहावयाचा तर देवळांत जावें लागे. आतां तो माजघरांत आला. बाळासाहेब रविवर्म्यांच्या कलेचे चाहते होते. जें एका चित्रानें साधतें तें चित्रांच्या मालिकेनें अधिक साधेल, पोथी वाचतां न येणाऱ्यालाही रामकथा पानें उलटून वाचतां येईल, हें त्या पुस्तकाकडे पाहतांच ध्यानांत येतें.

परंतु त्यांची खरी कसोटी पुढेंच होती. पुण्यास १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ति निघावी, देशांतल्या नाना लिप्यांतील हस्तलिखितें ताडून शुद्ध पाठ ठरवावा, हा विचार तेथें चालू होता. १९१८ सालीं बाळासाहेबांनीं या कार्यासाठीं एक लाख रुपये देऊं केले, आणि आवृत्ति सचित्र असावी अशी इच्छा दर्शविली. चित्रें अर्थात् त्यांनीं स्वतः काढावयाचीं. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें; त्याच्या मुखपृष्ठावर संपादकाच्या नांवाखालींच चित्रकार म्हणून श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि, बी. ए. यांचें नांव आहे, आणि चित्रें प्राचीन नमुन्यांवरून काढलेलीं आहेत असा उल्लेखही आहे.

‘प्राचीन नमुन्यांवरून’ या दोन शब्दांपाशीं थोडें थांबावयास हवें. कारण त्यांत एका हौशी चित्रकाराची सारी प्रगति आलेली आहे. रविवर्म्यांच्या चित्रांतील नायिका बहुधा लुगडें नेसलेल्या असतात, आणि राजे नाटकांतल्या राजांसारखे दिसतात. पाहणाऱ्याला तें गोड वाटतें, कारण तें ओळखीचें असतें. परंतु द्रौपदी काय नेसत असेल? भीष्माच्या मस्तकावर काय असेल? रथाचें चाक कसें असेल? एकीकडे पंडित एकेका अक्षरासाठीं पन्नास पोथ्या ताडून पाहत असतां, चित्रकारानें मात्र डोळ्यांना येईल तें नेसवावें, हें बाळासाहेबांना पटेना. मग जुनीं शिल्पें व भिंतीवरील चित्रें हीच चित्रकाराची पोथी झाली. तेथें न शिवलेलीं वस्त्रें आहेत, वेगळे अलंकार आहेत, फेटे बांधण्याच्या निराळ्या तऱ्हा आहेत. चित्रकारांना बरोबर घेऊन ते अजिंठ्यास गेले. वेरुळावर १९२९ सालीं आणि अजिंठ्यावर १९३२ सालीं त्यांचीं इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकें निघालीं. अजिंठ्याचें पुस्तक निघालें तेव्हां त्यांचें वय ६० च्या पुढें गेलें होतें. ज्या वयांत माणसें आपली जुनीच कसरत पुन्हा पुन्हा करून दाखवितात, त्या वयांत हा गृहस्थ आपली पूर्वींची रीति अपुरी ठरवून नव्यानें शिकावयास बसला होता.

त्यांचीं चित्रें कशीं आहेत, असा प्रश्न आपण विचाराल. खरें सांगावयाचें तर तीं थोर नाहींत. माणसें कधीं अंगानें ताठ वाटतात; हातवारे शिकवून ठेवल्यासारखे दिसतात; आणि धुरंधरांच्या सफाईचा पुढें उल्लेख निघाला कीं, हा हात हौशी आहे हें कबूल करावें लागतें. परंतु एक गोष्ट त्यांत सहसा आढळत नाहीं, ती म्हणजे आळस. प्रत्येक चित्रांत काढणाऱ्यानें आधीं कांहीं वाचलें आहे, पाहिलें आहे आणि मग रंग कालवला आहे, हें जाणवतें. हौशी माणसाजवळ कसब थोडें असेल. पण त्याला प्रामाणिक राहण्याची मोकळीक पुष्कळ असते, आणि बाळासाहेबांनीं ती पुरेपूर वापरली.

पण येथेंच एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. माझ्या छंदाचा खर्च म्हणजे दोन रंगांच्या नळ्या आणि एक कागद. तो माझ्या पगारांतून जातो. राजाच्या छंदाचा खर्च कोणाच्या पदरांतून जातो? माणदेशांतील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला असतां पुण्याच्या विद्वानांस लाख रुपये देणें, चित्रें व शिल्पें विकत घेणें, हें न्यायाचें होय काय? बाळासाहेब किती सज्जन होते हें सांगून या प्रश्नाचें निवारण होत नाहीं. सज्जन राजाही दुसऱ्याच्याच पैशानें सज्जन असतो. या प्रश्नाचें खरें उत्तर एकच, आणि तें म्हणजे ज्याचा पैसा त्याच्याच हातीं हिशेब देणें. आश्चर्य हें कीं, अखेरीस बाळासाहेबांनीं तेंच केलें.

तें करण्यापूर्वींची एक तयारी मात्र सांगितली पाहिजे. चित्रकाराला माणसें निरखण्याची संवय असते. बाळासाहेबांनीं निरखून जमविलेलीं माणसें पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे तरुणपणीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले होते. परंतु डोळ्यांना रंगांतला भेद पुरता कळत नाहीं असें आढळल्यानें त्यांना ती सोडावी लागली. पुढें ते नांगर करूं लागले, आणि बेळगांवची जागा सोडण्याचा प्रसंग आला तेव्हां त्यांना औंधच्या राजांनीं कुंडलजवळ माळरानाची जागा दिली. १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंग न दिसणाऱ्या माणसाचें मोल एका चित्रकारानें ओळखावें, यांत मला मोठी गंमत वाटते. दुसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. तेही जे. जे. चे विद्यार्थी, पण वेदांच्या अभ्यासाकडे वळलेले, आणि आपल्या जहाल लेखामुळें कारावास भोगून आलेले. अशा माणसाला जवळ करणें म्हणजे सरकारची नजर ओढवून घेणें होतें. तरीही औंधास त्यांचें स्वाध्याय मंडळ नांदलें. तिसरे मॉरिस फ्रीडमन. पोलंडांत जन्मलेले यहुदी, धंद्यानें एंजिनियर, आणि वृत्तीनें गांधीजींच्या वाटेचे पांथस्थ. बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत हे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. या दोघांनीं मिळून राजेसाहेबांच्या पुढें एक विलक्षण कल्पना मांडली. ती कल्पना अशी कीं, राज्य प्रजेस देऊन टाकावें.

सत्तरी गांठलेल्या राजाला असा सल्ला देणें सोपें. तो त्यानें मानावा हें कठीण. बाळासाहेबांनीं तो मानला. १९३८ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं प्रजेला पूर्ण जबाबदार राज्यपद्धति देण्याची घोषणा केली. पुढें अप्पासाहेब व फ्रीडमन गांधीजींकडे गेले, आणि त्यांच्या मार्गदर्शनानें घटना तयार होऊन जानेवारी १९३९ मध्यें ती अमलांत आली. तिचा पाया गांवांत होता. प्रत्येक गांवानें प्रौढ मतदानानें, म्हणजे स्त्रीपुरुष सर्वांच्या मतांनीं, पांच जणांची पंचायत निवडावयाची. पंचायतींच्या प्रमुखांची तालुकासमिति व्हावयाची. आणि तालुकासमित्यांतून वर विधिसभेवर माणसें जावयाचीं. किरकोळ तंटे गांवांतच पंचांपुढें मिटावे, अशी योजना होती. ब्रिटिश मुलखांत त्या वेळीं कर भरणाऱ्यांना व शिकलेल्यांनाच बहुधा मत होतें, आणि सर्व प्रौढांना मतदानाचा हक्क देशाला १९५० च्या राज्यघटनेनें मिळाला, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ७२ गांवांच्या या धाडसाची किंमत कळते. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत निघाली. तेथें शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींवांचून, शेती करीत राहावयास ठेवलें गेलें. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट आपण पाहिला असेल. त्याच्या मागें स्वतंत्रपूरचा अनुभव आहे, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे याच मुलखाचे सुपुत्र होते.

हें सर्व सुरळीत चाललें असें मी म्हणत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या हुकुमाची वाट पाहणाऱ्यांना एका रात्रींत कारभार कसा यावा? गांवांतले जुने हेवेदावे निवडणुकीनें मिटत नसतात. आणि वर इंग्रज सार्वभौम सरकारची छाया होतीच. परंतु १९४२ च्या लढ्यांत या प्रयोगाची परीक्षा झाली. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं साताऱ्यांत जें प्रतिसरकार उभें राहिलें, त्याचें एक प्रमुख ठाणें औंध संस्थानांतील कुंडल हें होतें. इंग्रजी हद्दींतील पोलिसांना चुकवून आलेल्या भूमिगतांना औंधच्या गांवांत आसरा मिळे. लोकांना राज्य दिलें म्हणजे लोक त्याचा उपयोग आपल्या मतानें करतात, याचा हा पुरावा होता. आणि राजेसाहेबांनीं त्याबद्दल पश्चात्ताप केला नाहीं.

आतां पुन्हा त्या डोंगराच्या उताराकडे वळतों. तेथलें श्रीभवानी संग्रहालय १९३८ सालचें आहे. म्हणजे ज्या वर्षीं राज्य देण्याची घोषणा झाली, त्याच वर्षीं चित्रेंही वाड्यांतून निघून लोकांच्या पाहण्यांत आलीं. राजवाड्याच्या भिंतींवर जी संपत्ति फक्त पाहुण्यांना दिसली असती, ती यमाईच्या यात्रेस आलेल्या शेतकऱ्यालाही पाहतां येऊं लागली. तेथें रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, जुनीं लघुचित्रें आहेत, पाश्चात्य चित्रांच्या प्रतिकृति आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची मायलेकरांची एक दगडी मूर्तिही आहे. आणि या साऱ्या थोरांच्या सोबतीला राजेसाहेबांचीं स्वतःचीं चित्रें आहेत. मोठ्यांच्या शेजारीं आपलें चित्र टांगण्यास एक तर फार अहंकार लागतो, नाहीं तर फार नम्रता लागते. आपलें उणें कोणासही ताडून पाहतां येईल अशा जागीं तें ठेवणाऱ्याच्या ठिकाणीं अहंकार असावा, असें मला वाटत नाहीं.

८ मार्च १९४८ रोजीं औंध संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पंचायतींचा तो प्रयोग नऊ वर्षांचा ठरला. १३ एप्रिल १९५१ रोजीं बाळासाहेब निवर्तले. महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. ती पाहावयास ते नव्हते. ग्रंथ मात्र आहे. संग्रहालयही आहे, आणि तें आज महाराष्ट्र शासनाच्या व्यवस्थेखालीं आहे.

तेव्हां ‘एवढें काढून काय करणार?’ या प्रश्नाला या हौशी चित्रकाराच्या आयुष्यांतून काय उत्तर मिळतें? मला असें वाटतें कीं, हौसेला दोन वाटा असतात. एक वाट आपल्या खोलीच्या दाराशींच संपते. दुसरी दाराबाहेर पडते आणि आपण काय पाहिलें तें इतरांस दाखवूं लागते. मग दाखवितां दाखवितां तेंही आपलें एकट्याचें नव्हे हें ध्यानांत येतें. बाळासाहेबांनीं आधीं रामकथा दिली, मग चित्रें दिलीं, आणि शेवटीं राज्य दिलें. तीं सर्व त्यांना सारखींच प्रिय होतीं, पण त्यांतलें एकही त्यांनीं मुठींत धरून ठेवलें नाहीं.

आपण कोणी राजे नाहीं. आपल्याजवळ देण्याजोगें राज्यही नाहीं. पण पुढच्या रविवारीं रंगाची पेटी उघडाल तेव्हां काढलेलें चित्र फळीवर टाकूं नका. शेजारच्या मुलाला तें दाखवा, आणि हातांत कुंचला देऊन त्यालाही एक रेघ ओढूं द्या. ती वांकडी आली तरी चालेल. सवड झाली तर एकदां औंधास जा. डोंगर चढतांना दम लागतो, परंतु वर वारा चांगला असतो. आणि उतरतांना ‘हौशी’ या शब्दाला आपण हसणार नाहीं, एवढें मी खात्रीनें सांगतों.